आठ-त्रेचाळीसची कौसाबाई

परवा मंगरूळपीरच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो. शेजारच्या बाकड्यावर दोन पिकअपवाले बसलेले. त्यातला एक म्हणाला, "अबे, ते गाडी पाडनारी बाई मेली म्हन्ते." दुसऱ्यानं विचारलं, "कोन बे?" पहिला म्हणाला, "तेच ना, वरच्या वस्तीची. जिनं घाटीत बायाइची गाडी पलटवली होती." आणि दोघं पुढं टायरच्या भावावर घसरले.

मी कप बाकड्यावर आपटला. दुःखानं नव्हे, संतापानं. अरे, जिनं उभी हयात त्या घाटीत माणसं वर-खाली नेली, जिच्या गाडीत बायका बाळंतपणाला उतरल्या आणि बाळ घेऊन चढल्या, तिची ओळख ही? गाडी पाडणारी बाई? मी त्या दोघांना चार शब्द सुनावले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याला ऊन लागलं असावं. मग म्हटलं, तोंडानं सांगून ह्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. लिहूनच ठेवतो.

तिचं नाव कौसाबाई. मी मावशी म्हणायचो. नातं काही नव्हतं; मी मूळचा धनजचा, पोट मात्र मंगरूळपीरच्या स्टँडवर पिकअप चालवून भरलं, आणि ती त्याच स्टँडवर यायची. उंच, काटकुळी बाई. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची, शेतात जाणाऱ्या आमच्याकडच्या बाया घालतात तसा. गाडीत बसली की चपला काढून गिअरच्या दांड्याजवळ ठेवायची आणि अनवाणी पायानं क्लच दाबायची. कुणी हसलं तर म्हणायची, "जोडा घालून कधी पीठ मळलं काय रे कोनी? पायाले समजलं पायजे गाडी काय म्हन्ते ते."

गाडी मुळात नवऱ्याची. किसनराव हा भला माणूस, इतका भला की त्याच्या अंगावरून मुंग्यांची रांग गेली तरी तो रांग मोडणार नाही. पण त्याला रातांधळेपणा आला. दिवस मावळला की समोरचा बैल दिसेना. घाटीत दोनदा तो थोडक्यात वाचला, तेव्हा कौसाबाईनं त्याला बाजूच्या सीटवर सरकवलं आणि स्वतः स्टेअरिंग धरलं. ट्रॅक्टर तिला आधीपासून येत होता. आरटीओत लायसन काढायला गेली तर तिथला माणूस म्हणे, "बाई, स्कूटीचं काय?" ही म्हणाली, "स्कूटीवर आठ पोते बसतीन काय?" लायसन मिळालं. किसनराव मग कायम तिच्या शेजारी बसून असायचा. त्याचं काम एकच: चढावर गाडी थांबली की खाली उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. तेही तो चाचपून लावायचा.

आता त्या घाटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. मानोऱ्याकडं जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेलं की टेकडीवर तिची वस्ती. तीस-चाळीस घरं. निम्मी शेती करणारी, निम्मी हंगामाला बाहेर मजुरीला जाणारी. वर जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यात एक वळण आहे, हेल्याचं वळण. कधीकाळी तिथून एक हेला, म्हणजे रेडा, खाली गेला होता. वळणाला एका अंगाला टेकडी आणि नाली, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. एसटी वर जात नाही. ॲम्ब्युलन्सवाला पायथ्याशी उभा राहून फोन करतो, पेशंट खाली आणा म्हणून. वर जायची ती कौसाबाईची गाडी. सकाळी वस्तीतल्या बाया गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात उभ्या राहून खालच्या शेतांवर कामाला यायच्या, संध्याकाळी तिच्याच गाडीनं घरी. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हे मलाही माहीत आहे. ज्यांना नियम माहीत होता त्यांनी दुसरी गाडी द्यायची होती.

ही गाडी चढायची कशी, त्यामागं आठ-त्रेचाळीस होतं. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राउन. इंजिनाकडून आलेला लांब दांडा पिनियन फिरवतो, पिनियन क्राउनला फिरवतं आणि क्राउन चाकांना. पिनियनला आठ दात आणि क्राउनला त्रेचाळीस असले, तर दांडा पाच फेरे आणि वरून थोडा फिरतो तेव्हा कुठं चाकाचा एक फेरा होतो. गाडी सावकाश, पण ओढ जबर. तेच दहा आणि एक्केचाळीस दात असले, तर दांड्याच्या चार फेऱ्यांतच चाक फिरून मोकळं. गाडी पळते, डिझेल कमी पिते, पण ओझं घेऊन चढावर धापा टाकते. कौसाबाई हे एका वाक्यात सांगायची: "कडब्याचा भारा एका खेपेत उचलशीन तर कंबर मोडन, दोन खेपेत नेशीन तर घरी पोचशीन."

एकदा तिच्या जुन्या क्राउनचे दात उडाले. नवी जोडी घ्यायला ती स्पेअर पार्टच्या दुकानात आली, तेव्हा मीही तिथं होतो. ते दिवस नव्या मोठ्या रस्त्याचे. रस्ता झाला आणि स्टँडवरच्या सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. ज्याला त्याला पळणारी गाडी पाहिजे. मीही दहा-एक्केचाळीस बसवून घेतलं होतं, कारण माझी लाइन सपाट, माझा माल संत्र्याचा, आणि बाजार लांबचा. दुकानात पाच-सहा ड्रायव्हर जमले आणि लागले बाईला शहाणपण शिकवायला. "मावशी, दहा-एक्केचाळीस घ्या. मक्खन पळते." "मावशी, डिझेल वाचते." "मावशी, जमाना इस्पीडचा हाय."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरवरची जोडी उचलली, प्रत्येक दातावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाली, "हे दहा-एक्केचाळीस घेऊन तुमच्यातला एक जन वीस बाया भरून माह्या घाटीत चढून दाखवा. मी तुमची गाडी जिंदगीभर धुते."

एकजण पुटपुटला, "वीस बाया कायले न्याच्या?"

"मंग काय, दहाले वर नेऊ आन दहाले वाघाले देऊ?"

आठ-त्रेचाळीस घेऊन गेली. पण दुकानातून पाय काढण्याआधी तिनं आमच्या प्रत्येकाला विचारलं, तुही गाडी कोठी चालते, काय भरते, चढ किती. माझं ऐकून म्हणाली, "तुह्यं बरोबर हाय. तुले पयाचं हाय, पय." तिचा हट्ट आठ-त्रेचाळीसचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं. गाडी जिथं चालायची तिथले दात असावेत, एवढंच तिचं म्हणणं. हे इतकं साधं म्हणणं आमच्या स्टँडच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

देवी म्हणून तिला चौरंगावर बसवतोय असं कुणी समजू नका. बाई भांडखोर होती, आणि चुकलेलं कधी कबूल करायची नाही. एकदा खालच्या गावच्या एका शेतकऱ्यानं सांबार काढला. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्याला पहाटेच्या लिलावाला लांबच्या बाजारात पोचायचं होतं. त्यानं माझी गाडी सांगितली होती. ही मध्ये पडली: "माह्या गाडीले काय धाड भरली?" गेली घेऊन. सपाट रस्त्यावर आठ-त्रेचाळीसची गाडी म्हणजे नुसता आरडाओरडा. इंजिन बोंबलतंय आणि बाजूनं सायकलवाला पुढं जायचा तेवढा राहिला. पोचली तेव्हा लिलाव उठलेला, सांबार माना टाकून पडलेला. शेतकरी डोक्याला हात लावून बसला. आणि ही बाई त्यालाच झापते! "रातीच कापाचा असते सांबार. तुह्या हाताले मेंदी लागली होती?" मी म्हटलं, मावशी, कबूल करा ना, ही लाइन तुमच्या गाडीची नाही. तर माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी माझ्या गाडीच्या टपावर वाळकाच्या काकड्यांची पिशवी ठेवून गेली. तीच तिची माफी.

स्टँडवर आमचा नंबराचा रिवाज होता. जो आधी येईल त्याची गाडी पुढं, आलेलं भाडं त्याचं. गाडी कुणाची, चालवतो कोण, हे बघायचं नाही. नवा रस्ता झाल्यावर स्टँडच्या पुढाऱ्यानं नवीन कायदा काढला: हळू गाडीला नंबर नाही. आता स्टँडवर हळू गाडी एकच होती. सरळ नाव घ्यायची हिंमत नव्हती म्हणून कायद्याचं सोंग! कौसाबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली, स्टँडच्या तोंडाशी गाडी आडवी लावली, किसनरावाकडून मागच्या चाकाला ठोकळा लावून घेतला आणि आत बसून सुपारी कातरू लागली. ना कुणाची गाडी आत, ना कुणाची बाहेर. पुढारी आला, ओरडला, हात जोडले. ती म्हणाली, "मी हळूच निंगते बावा, माही गाडी हळू हाय. दुपारलोक निंगन." दुपारच्या आत कायदा मागं घेतला गेला. तेव्हापासून तिच्यावर त्या लोकांचा दात होता. हे लक्षात ठेवा.

पोहरादेवीच्या यात्रेत मात्र ह्याच लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. गर्दी अशी की गाडी माणसांच्या पाठीला लागून सरकायची. पळणाऱ्या गाड्यांना इतकं हळू चालताच येईना. पाय सारखा अर्ध्या क्लचवर. थोड्याच वेळात क्लचप्लेट जळाल्याचा वास यात्राभर पसरला. नारळाचा, उदबत्तीचा वास मागं पडला आणि आमच्याच क्लचचा धूप दरवळला. दोन गाड्या बंद पडल्या, त्यातली एक त्या पुढाऱ्याची. कौसाबाई पहिल्या गिअरात, क्लचला पायही न लावता, लेकुरवाळीच्या चालीनं पुढं निघून गेली. जाताना खिडकीतून म्हणाली, "क्लच म्हंजे घरची बाई होय बावा. सारखा दाबून ठेवसान तर एक दिवस जयनच."

मग ते वर्ष आलं. तिची मुलगी बाळंतपणाला होती, म्हणून ती महिना-दीड महिना मुलीकडं गेली. गाडी मुलाच्या हाती दिली. मुलगा गजानन, गजू. लग्न झालेला, चांगला सहा फुटी जवान. लहान पोर नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं सगळे त्याला 'पोरगं' म्हणत होते. गजूला नव्या रस्त्यावर पळायचं होतं, मित्रांच्या गाड्यांच्या बरोबरीनं. त्यानं एका गॅरेजात गाडी नेऊन आठ-त्रेचाळीस काढलं आणि दहा-एक्केचाळीस बसवलं. जुनी जोडी भंगारात घातली. आईला सांगितलं नाही. बाहेरून काहीच दिसत नाही हो. तोच गोळा, तेच चाक, तीच गाडी.

आई परत आली. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे, बाया कामाला खाली जाणार. तिनं चावी घेतली, सकाळी बायांना घेऊन खाली उतरली. उतारावर काय कळणार? खाली सपाटीला आल्यावर तिला लागलं, गाडी हलकी पळते आहे. तिनं तिथूनच गजूला फोन लावला: "गाडीले काय केलं रे? लय पयून राह्यली." तो म्हणाला, "सर्व्हिसिंग केली, आई. इंजिन मोकळं झालं." ती खूश झाली. हे मला तिनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या गालावर मारून घेतलं. पायाला समजतं म्हणणारी बाई. पायानं सांगितलंही होतं. पण मुलगा म्हणाला आणि तिनं पायाचं ऐकलं नाही.

संध्याकाळी हौदा भरून बाया, वर सोयाबीनची दोन पोती. पायथ्याशी तिनं रोजच्यासारखी गाडी थांबवली, बायांना बुडं टेकवून बसायला लावलं, पहिला गिअर टाकला आणि निघाली. हेल्याच्या वळणापर्यंत गाडी कशीबशी आली. वळणावर इंजिनाचा आवाज खाली खाली गेला. तिनं क्लच अर्धा धरला, जळाल्याचा वास आला, इंजिन बंद. ब्रेक दाबला, पण एवढं ओझं मागं ओढतंय, गाडी घसरू लागली. किसनराव ठोकळा घेऊन उतरू पाहतो, तर दिवस कलला होता, त्याला चाक कुठं आणि दरी कुठं ते दिसेना. तिनं त्याची कॉलर धरून त्याला आत ओढला आणि एका हातानं स्टेअरिंग टेकडीच्या अंगाला पूर्ण कापलं. गाडी मागं जाऊन नालीत बसली, कलली, आणि टेकडीला टेकून थांबली. बाया एकमेकींवर पडल्या. त्यातल्या इंदूचा हात मोडला, एकीचे पुढचे दात गेले, बाकीच्यांना मुका मार. मेलं कुणी नाही. दरीच्या अंगाला गाडी हातभर जरी गेली असती, तर वस्तीत त्या रात्री चुली पेटल्या नसत्या.

मी दुसऱ्या दिवशी गाडी काढायला गेलो, दोरखंड घेऊन. वर जाईपर्यंत निकाल लागलेला होता. बाईच्या हाती गाडी दिली की असंच होणार. हे म्हणत कोण होतं? ज्यांच्या बायका तिनं जिवंत घरी आणल्या, ते! इंदूचा नवरा देवराव सगळ्यात पुढं. वस्तीत त्याचा शब्द चालायचा. त्यानं जाहीर करून टाकलं, की वस्तीतली एकही बाई यापुढं कौसाबाईच्या गाडीत बसणार नाही.

कौसाबाई कोपरावर फडकं बांधून नालीशेजारी उभी होती. मला म्हणाली, "मले गाडीचं मागचं चाक उचलून दे. माही गाडी अशी नाई करत." तिला रात्रीत कळून चुकलं होतं. वस्तीतला ट्रॅक्टर लावून गाडी वर ओढली, पारासमोर आणली. सगळे जमले. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "हे माही क्राउन नाई. कोनीतरी बदलली. आता मोजून दाखवते." मी जॅक लावला, गाडी न्यूट्रल केली, एक मागचं चाक उचललं. चाकाला खडूची एक रेघ, दांड्याला एक रेघ. मी चाक फिरवायचं, तिनं खाली झोपून दांड्याचे फेरे मोजायचे. बायाही मोठ्यानं मोजू लागल्या. आता त्यात एक बारकी गोष्ट आहे. एकच चाक उचललेलं असलं की ते दोनदा फिरवावं लागतं, तेव्हा खरा हिशोब येतो. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं म्हणून. मी दोनदा फिरवलं. दांडा फिरला चार आणि वरून थोडासा. पाच पुरे झालेच नाहीत.

ती उठून बसली. "पायलं? पाचच्या वर यायले पायजे. चार आले. हे दहा-एक्केचाळीस होय. हे घाटीत चढत नाई."

देवराव म्हणाला, "एक चक्कर म्हन्ता आन चाक दोन डाव फिरवता? आमाले येडे समजता काय?"

मी समजावलं. दुसरं चाकही उचलून दाखवतो म्हटलं. ऐकतो कोण! शेवटी कौसाबाई गजूसमोर जाऊन उभी राहिली. "तू सांग."

गजूनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी चांगल्यासाठीच केलं होतं."

मला वाटलं, संपलं. आता तरी हे लोक तिचे पाय धरतील. पण देवराव काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "पोरगं हाय, चुकलं असन. पन मानूस असता तर त्यानं गाडी सांभायली असती." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! पुराव्यासमोर माना डोलावल्या! अरे, सांभाळली म्हणूनच तर तुमच्या बाया तिथं उभ्या राहून फेरे मोजत होत्या ना? ज्यानं चोरून दात बदलले, ते पोरगं. जिनं गाडी टेकडीला टेकवली, ती गाडी पाडणारी. माझ्या तोंडात शिवी आली होती. ती मी दिलीसुद्धा. त्यानं काही फरक पडला नाही. स्टँडवर ही बातमी पोचली तेव्हा पुढाऱ्यानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

गजूला तिनं मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त चावी त्याच्या हातून घेतली आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातली. मग मला घेऊन भंगारवाल्यांच्या दारोदार फिरली. तिची जोडी वितळायला गेलेली होती. कारंज्याला एका ढिगात दुसरी आठ-त्रेचाळीस सापडली. क्राउन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा चालत नाही. एकमेकांवर घासून मुरलेली जोडीच लागते, नाहीतर गाडी रडते. तिनं उन्हात बसून एकेका दातावर नख फिरवलं, दोन्ही एकमेकांत घालून फिरवून पाहिले, कान लावला. "हे नवरा-बायको एकाच घरचे हायेत," म्हणाली. बसवली.

मी विचारलं, "मावशी, आता बसतीन काय बाया?"

"न बसून जातीन कोठी?" ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

बाया बसल्या नाहीत. गजूच्या एका मित्राची पळणारी गाडी लागली. ती पायथ्यापर्यंत यायची आणि तिथंच बायांना उतरवून निघून जायची, कारण वर चढण्याची तिची ताकदच नव्हती! दिवसभर वाकून काम केलेल्या बाया डोक्यावर भारे घेऊन ती घाटी पायी चढायच्या. नवऱ्यांना हे चालत होतं. कौसाबाईची गाडी त्यांच्याबरोबर रिकामी चढलेली चालत होती. तिच्यात बायको बसलेली चालत नव्हती.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तुरीच्या दिवसांत. त्यानंतर मी अकोल्याकडं गेलो, आणि मग तिला कावीळ झाली, ती गेली, एवढंच कानावर आलं. त्या संध्याकाळी वस्तीतल्या एकाचे पत्रे पोचवायला मी आलो होतो. माझी गाडी भरल्या ओझ्यानं वर जाणारी नव्हती, म्हणून पायथ्याशी पत्रे उतरवून त्याची वाट बघत होतो. दिवेलागण झालेली. त्या मित्राची गाडी आली, बाया उतरल्या, भारे डोक्यावर चढवले आणि निघाल्या. मागून कौसाबाईची गाडी आली.

मला वाटलं, हॉर्न वाजवून पुढं जाईल. ती गेली नाही. तिनं पहिला गिअर टाकला आणि बायांच्या मागं त्यांच्याच चालीनं चढू लागली, दोन्ही दिवे पूर्ण लावून. बायांच्या पायांपुढं रस्ता उजळला. पत्रे तिथंच ठेवून मीही गाडीच्या मागं पायी निघालो. आणि खिडकीतून तिचं तोंड सुरू: "अवो, पाय पाहून टाका! त्या गोट्यावर पाय मुरगयला तर उद्या म्हनसान, कौशीच्या लाइटानं पाडलं!"

बायांनी मागं वळून पाहिलं नाही. हेल्याच्या वळणाअलीकडं इंदू थांबली. तिचा हात वाकडाच बसला होता, त्या हातानं भारा नीट धरता येत नव्हता. ती उजेडात उभी राहिली, मग वळून गाडीच्या मागं गेली. गाडी थांबली. किसनराव चाचपत उतरला, ठोकळा लावला. इंदूनं वैरणीचा भारा हौद्यात टाकला आणि पुन्हा पुढं येऊन चालू लागली.

"तू बस ना वं," कौसाबाई म्हणाली. "भारा बसते, तू काहून नाई बसत?"

इंदू म्हणाली, "माह्या घरच्यानं मले मना केलं, मावशी. भाऱ्याले नाई केलं."

मग एकेक करून सगळ्यांनी भारे टाकले. सरपण, वैरण, कुणाची डब्याची पिशवी. किसनरावानं ठोकळा काढला. गाडी पुन्हा निघाली, तशीच हळू, भरलेली. पुढं बाया मोकळ्या हातांनी चालत होत्या आणि मागून त्यांचे भारे गाडीत बसून घरी चालले होते.